चाल कुणाची, नाव कुणाचे?

लेड झेपेलिन या इंग्रजी बँडचा दुसरा अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले पहिलेच गाणे ‘होल लॉटा लव्ह’. हार्ड रॉक म्हणजे काय, असे कुणी विचारले तर व्याख्या सांगण्याऐवजी हे गाणे ऐकवावे, इतके ते या प्रकाराचे प्रातिनिधिक आहे. तबकडीवर त्याच्या श्रेयनामावलीत चार नावे छापली होती : जिमी पेज, रॉबर्ट प्लँट, जॉन पॉल जोन्स आणि जॉन बॉनम. बँडमध्ये माणसे चार, तेव्हा नावेही चार. यात खटकण्यासारखे काही नाही, असे कुणालाही वाटावे. पण या यादीत एक पाचवे नाव असायला हवे होते. शिकागोच्या चेस रेकॉर्ड्स या कंपनीसाठी वर्षानुवर्षे गाणी लिहिणाऱ्या, बास वाजवणाऱ्या विली डिक्सन यांचे. त्यांनी लिहिलेले आणि मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये गायलेले ‘यू नीड लव्ह’ हे गाणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ‘होल लॉटा लव्ह’मधले शब्द कुठून आले हे वेगळे सांगावे लागत नाही. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा दाखल केला, १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि आज त्या गाण्याच्या श्रेयात पाच नावे आहेत. पहिल्या छपाईपासून पाचव्या नावापर्यंत अठरा वर्षे गेली.

या अठरा वर्षांबद्दल मला लिहायचे आहे. मी संगीताचा अभ्यासक नाही. साहित्य शिकवणारा माणूस आहे. परंतु तौलनिक साहित्याभ्यासाच्या तासाला ‘प्रभाव’, ‘अनुकरण’, ‘रूपांतर’ आणि ‘वाङ्मयचौर्य’ या संज्ञांतला भेद समजावून सांगताना मला साहित्यातल्या उदाहरणांपेक्षा १९६६ ते १९७२ या काळातल्या ब्रिटिश बँडांची उदाहरणे अधिक उपयोगी पडत आली आहेत. कारण साधे आहे. दोन गाणी वर्गात लागोपाठ ऐकवता येतात. सहा मिनिटांत मूळही कळते आणि त्याचे काय केले तेही कळते. दोन कादंबऱ्यांच्या बाबतीत ही सोय नाही. काही वर्षांपूर्वी असेच एक जोडीचे उदाहरण ऐकवल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे चोरीचं आहे हे माहीत असूनही तुम्हाला आवडतं का?” मी तिला तेव्हा दिलेले उत्तर गुळमुळीत होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

या विषयावर दोन पक्ष नेहमी हिरिरीने बोलतात. एक पक्ष म्हणतो, झेपेलिन हा चोरांचा जथा होता. गरीब कृष्णवर्णीय कलावंतांच्या जिवावर गोरी पोरे श्रीमंत झाली. दुसरा पक्ष म्हणतो, ब्लूज ही मौखिक परंपरा आहे, तिथे सगळेच सगळ्यांचे घेतात, तेव्हा चोरीचा प्रश्नच उद्भवत नाही. माझ्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करतात. घेणे आणि नाव न सांगणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. पहिला पक्ष नाव न सांगण्याच्या अपराधासाठी घेण्यालाच फाशी देतो. दुसरा पक्ष घेण्याच्या स्वातंत्र्याखाली नाव न सांगणेही खपवून नेतो.

आधी ही मुले ब्लूजकडे कशी वळली ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये वाढलेल्या या पिढीला अमेरिकन तबकड्या हे एक वेगळेच जग होते. लंडनमध्ये अॅलेक्सिस कॉर्नर यांच्यासारख्या मंडळींनी ब्लूजचे वातावरण तयार केले. पुढे १९६२ पासून ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’ या नावाने अमेरिकेतल्या ब्लूज कलावंतांचे युरोपभर दौरे सुरू झाले. या दौऱ्यांसाठी कलावंत जमवण्यात आणि स्वतः वाजवण्यात विली डिक्सन यांचा मोठा वाटा होता. सनी बॉय विल्यमसन तर इंग्लंडमध्ये काही काळ राहिले, आणि १९६३ च्या अखेरीस त्यांनी यार्डबर्ड्स या तरुण बँडला साथीला घेऊन कार्यक्रम केले. याच यार्डबर्ड्समधून पुढे एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज हे तिघे गिटारवादक निघाले. हा तपशील मी मुद्दाम देतो आहे. नावे माहीत नव्हती, तबकडी कुठून तरी मिळाली, कुणाची ते कळले नाही, अशी सबब या मंडळींना सांगता येत नाही. ज्यांची गाणी त्यांनी घेतली ती माणसे त्यांच्या शहरांत येऊन, त्यांच्या मंचांवर उभी राहून गेली होती.

आता त्यांनी काय केले तेही पाहायला हवे, कारण चोरीच्या आरोपात ते नेहमी झाकले जाते. ‘होल लॉटा लव्ह’मधून डिक्सन यांचे शब्द काढून टाका. मागे काय उरते? पेज यांच्या गिटारवरचा तो छोटा, पुन्हा पुन्हा परतणारा स्वरसमूह, ज्याला रिफ म्हणतात. तो ‘यू नीड लव्ह’मध्ये नाही. मधला तो दीर्घ भाग, जिथे चाल जवळजवळ नाहीशी होते आणि केवळ ध्वनींचा खेळ उरतो, तोही मूळ गाण्यात नाही. बॉनम यांचे तालवादन नाही. म्हणजे या गाण्याला ज्यामुळे लोक ओळखतात ते सारे झेपेलिनचे स्वतःचे आहे. उसने घेतले आहेत ते शब्द. शिवाय या शब्दांवर गाण्याची रीतही प्लँट यांनी शून्यातून आणलेली नाही. स्मॉल फेसेस या लंडनच्या बँडने १९६६ मध्येच डिक्सन यांचे हे गाणे थोडे फिरवून स्वतःच्या नावावर लावले होते, आणि त्यातल्या स्टीव्ह मॅरियट यांच्या गायकीची छाया प्लँट यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू येते. म्हणजे डिक्सन यांचे नाव आधी एकदा गाळले गेले होते. झेपेलिनने ते दुसऱ्यांदा गाळले.

रूपांतराचे याहून मोठे उदाहरण म्हणजे १९७१ च्या चौथ्या अल्बममधले शेवटचे गाणे, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले, लाखो माणसे बेघर झाली. त्या पुरावर कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याने १९२९ मध्ये दोन गिटारींवर हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते ऐकताना वाटते, ओसरीवर बसून कुणी झाल्या गोष्टीची हकिकत सांगत आहे. झेपेलिनने हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत ते नव्याने उभे केले. ही वास्तू अठराव्या शतकाच्या अखेरीस निराधारांसाठी बांधलेली. तिच्या दिवाणखान्यात जिन्याच्या पायथ्याशी बॉनम यांचे ड्रम मांडले आणि मायक्रोफोन वर जिन्याच्या मजल्यावर टांगले. त्या उंच पोकळीतून घुमून आलेला आवाज असा काही आहे की पुराची हकिकत मागे पडते आणि पूरच अंगावर येतो. मूळ गाणे सांगते, हे गाणे घडवते. शब्द बरेचसे तेच, पण वाङ्मयप्रकार बदलला, असे मी म्हणेन. ओवीचे नाटक व्हावे तसे हे आहे. आणि इथे श्रेयनामावलीत चौघांच्या जोडीला मेम्फिस मिनी यांचे नाव पहिल्यापासून आहे. ते दिल्याने झेपेलिनच्या कर्तृत्वात तिळभर उणेपणा आलेला नाही.

हीच गोष्ट इतरांनी कशी केली हे पाहिले म्हणजे त्या काळाची रीतच तशी होती हा बचावही टिकत नाही. क्रीम हा बँड झेपेलिनच्या दोन वर्षे आधीचा. त्यांनी ब्लूजची गाणी भरपूर घेतली. ‘क्रॉसरोड्स’वर रॉबर्ट जॉन्सन यांचे नाव आहे, ‘स्पूनफुल’वर डिक्सन यांचे, ‘आय ॲम सो ग्लॅड’वर स्किप जेम्स यांचे. जेम्स यांनी हे गाणे १९३१ साली ध्वनिमुद्रित केले, ते फारसे खपले नाही, आणि पुढे तीसएक वर्षे हा माणूस विस्मृतीत गेला. १९६४ मध्ये काही तरुण संग्राहकांनी त्यांना मिसिसिपीतल्या एका रुग्णालयात शोधून काढले. क्रीमने १९६६ च्या अखेरीस आपल्या पहिल्या अल्बमात हे गाणे घेतले, नाव दिले, आणि त्याचे स्वामित्वधन कर्करोगाने आजारी असलेल्या जेम्स यांच्या उपचाराच्या कामी आले. ते १९६९ मध्ये वारले. आपण साहित्याचे लोक ‘श्रेय’ हा शब्द सौजन्याच्या अर्थाने वापरतो. प्रस्तावनेत ऋणनिर्देश करावा, तळटीप द्यावी, एवढ्यापुरता. पण छापलेले नाव म्हणजे औषधाचा खर्च असू शकतो, हे या एका उदाहरणाने मला शिकवले.

डीप पर्पलची कथा निराळी आणि काहीशी गमतीची आहे. १९७० च्या ‘डीप पर्पल इन रॉक’ या अल्बममधले ‘चाइल्ड इन टाइम’ हे दहा मिनिटांचे गाणे अनेकांच्या मते त्यांची सर्वोत्तम निर्मिती आहे. ऑर्गनवरचा त्याचा सुरुवातीचा विचारमग्न स्वरबंध जॉन लॉर्ड यांचा, असा माझा कित्येक वर्षे समज होता. तो सान फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडच्या १९६९ मधल्या एका व्हायोलिनप्रधान रचनेतून आलेला आहे. त्या रचनेचे नाव ‘बॉम्बे कॉलिंग’! मुंबईची हाक अशी कॅलिफोर्नियातून निघून इंग्लंडला पोहोचली आणि शीतयुद्धाच्या भयावरचे गाणे झाली. ‘बॉम्बे कॉलिंग’ चपळ आहे, ठेक्यावर नाचणारी आहे. पर्पलने तिची लय ओढून संथ केली, आणि इयन गिलन यांनी तीवर शब्दांइतक्याच किंकाळ्या रचल्या. श्रेयात मात्र पर्पलच्या पाच जणांचीच नावे. पण इथे दावा झाला नाही. कारण १९७० मध्येच त्या अमेरिकन बँडने आपल्या दुसऱ्या अल्बममध्ये पर्पलच्या ‘रिंग दॅट नेक’ या वाद्यरचनेची चाल उचलून ‘डॉन अँड ड्यूई’ या नावाने वाजवली. फिटंफाट झाली. त्याच वर्षीच्या ‘ब्लॅक नाइट’ या गाण्याचा रिफ रिकी नेल्सन यांच्या १९६२ मधल्या ‘समरटाइम’च्या ध्वनिमुद्रणावरून सुचला, हेही पर्पलच्या मंडळींनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

या दोन घटना मला डिक्सन प्रकरणाइतक्या अस्वस्थ करीत नाहीत. का नाही, याचा विचार करणे आवश्यक आहे. एक तर ही बरोबरीच्या माणसांमधली देवघेव आहे. दोघांकडे ध्वनिमुद्रणाचे करार होते, दोघांचे नाव होते, दोघांना एकमेकांच्या घरात डोकावता येत होते. डिक्सन यांना झेपेलिनच्या घरात डोकावून काही उचलून आणता येत नव्हते. दुसरे असे की एखादा स्वरबंध घेऊन त्याचा भाव पालटून टाकणे आणि एखाद्याचे शब्द, चाल, मांडणी अशी सगळी ओळख घेऊन त्याचे नाव पुसणे यांत अंशाचा नव्हे, जातीचा फरक आहे. तरीही ‘चाइल्ड इन टाइम’वर मूळ रचनेचे नाव असते तर मला ते अधिक आवडले असते.

झेपेलिनच्या आणखी दोन गाण्यांतून प्रश्नाच्या आणखी दोन बाजू दिसतात. पहिल्या अल्बममधले ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे गाणे जेक होम्स या अमेरिकन गायकाचे. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला यार्डबर्ड्सच्या कार्यक्रमाआधी त्यांनी ते गायले, यार्डबर्ड्स ते वाजवू लागले, आणि १९६९ मध्ये झेपेलिनच्या तबकडीवर ते एकट्या पेज यांच्या नावाने आले. होम्स यांनी २०१० मध्ये दावा केला, तडजोड झाली, आणि २०१२ च्या ‘सेलिब्रेशन डे’ या संचापासून श्रेय असे दिले जाऊ लागले : जिमी पेज, जेक होम्स यांच्यावरून प्रेरित. ‘प्रेरित’ हा शब्द पाहिला की आपल्याकडच्या कितीतरी नाटकांची शीर्षकपृष्ठे डोळ्यांपुढे येतात. आधारित, प्रेरित, स्वैर रूपांतरित, ‘कल्पना सुचली’ अशा या उतरत्या पायऱ्यांत कितीतरी वकिली दडलेली असते!

दुसरे गाणे ‘बेब, आय ॲम गॉना लीव्ह यू’. ते ॲन ब्रेडन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रचले. जोन बाएझ यांच्या १९६२ च्या तबकडीवरून ते पेज आणि प्लँट यांच्यापर्यंत पोहोचले, आणि तिथवर येता येता ब्रेडन यांचे नाव गळून ‘पारंपरिक’ असा शिक्का बसला. झेपेलिननेही ते ‘पारंपरिक, रचना पेज’ असेच छापले. ब्रेडन यांना हे कळले १९८० च्या दशकात, आणि १९९० पासून त्यांचे नाव श्रेयात आले. इथे झेपेलिनला फार दोष देता येत नाही. त्यांनी तबकडीवर जे वाचले ते मानले. पण ‘पारंपरिक’ हा शब्द किती निष्काळजीपणे लागू शकतो, याचे हे उदाहरण लोकसाहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. ज्याला आपण परंपरा म्हणतो तिच्यात कधी कधी एक जिवंत बाई असते, जिला कुणी विचारलेलेच नसते. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये त्यांच्या नावाने पुस्तकरूपात आली, याचे कारण ती टिपून ठेवणारी माणसे घरात होती आणि त्यांचे मोल जाणणारे अत्रे यांच्यासारखे संपादक भेटले. तसे झाले नसते तर त्यांतली काही गाणी आज ‘खानदेशी लोकगीत, पारंपरिक’ म्हणून कुठल्या तरी संग्रहात असती.

आता दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद. ब्लूज ही सामाईक मिरास आहे, तिथे ओळी एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात तरंगत जातात, हे खरेच आहे. ज्या स्किप जेम्स यांचा मी वर गौरवाने उल्लेख केला त्यांच्या गाण्याचा उगमही १९२० च्या दशकातल्या एका लोकप्रिय व्यावसायिक गीतात असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. झेपेलिनने डिक्सन यांना श्रेय देऊन घेतलेल्या ‘यू शुक मी’ या गाण्याचा इतिहास असा : अर्ल हूकर या गिटारवादकाने १९६१ मध्ये केवळ वाद्यांची एक रचना ध्वनिमुद्रित केली आणि कंपनीने तीवर नंतर मडी वॉटर्स यांचा आवाज चढवला. तिथे हूकर यांचे नाव कुठे आहे? आणि डिक्सन यांना लुबाडणारे काही फक्त इंग्रजच नव्हते. ज्या आर्क म्युझिक या प्रकाशन कंपनीकडे त्यांच्या गाण्यांचे हक्क होते तिच्याविरुद्धच डिक्सन आणि मडी वॉटर्स यांना १९७० च्या दशकात न्यायालयात जावे लागले. झेपेलिनच्या ‘द लेमन साँग’ आणि ‘ब्रिंग इट ऑन होम’ या गाण्यांबद्दल आधी झेपेलिनकडून भरपाई वसूल करणारी कंपनी तीच!

हे सारे मान्य करूनही माझा मुद्दा उरतोच, किंबहुना तो अधिक टोकदार होतो. मौखिक परंपरेत ओळ घेणाऱ्याला ती स्वतःच्या नावावर नोंदवता येत नाही, आणि दुसऱ्यालाही तीच ओळ घेण्याचा तेवढाच अधिकार राहतो. तिथे घेणे निर्दोष असते, कारण तिथे मालकी नसते. परंतु ज्या क्षणी चार नावे तबकडीवर छापली जातात, हक्क नोंदवले जातात आणि प्रत्येक प्रतीमागे पैसे येऊ लागतात, त्या क्षणी आपण मौखिक परंपरा सोडून मालकीच्या जगात आलेलो असतो. घेताना परंपरेचे वारसदार आणि विकताना मालक, असे दोन्ही होता येत नाही. विहीर सगळ्या गावाची म्हणून पाणी काढायचे आणि मग काठावर आपल्या नावाची पाटी लावून घागरीमागे दाम घ्यायचे, याला परंपरा म्हणत नाहीत. पेज हे बँड काढण्यापूर्वी लंडनच्या स्टुडिओंमधून असंख्य तबकड्यांसाठी वाजवलेले वादक होते. श्रेयाची एक ओळ म्हणजे काय, हे त्यांना पुरेपूर माहीत होते. पुढे एका मुलाखतीत त्यांनी साधारण असे सांगितले की वाजवण्यात आपण नेहमी काही नवे आणले, शब्द बदलणे हे प्लँट यांचे काम होते आणि ते नेहमी झाले नाही. या खुलाशात प्रामाणिकपणा आहे. पण बदलले असते तर पकडले गेलो नसतो, एवढाच त्याचा अर्थ उरतो. नाव देता आले असते, हा पर्याय त्यात कुठेच नाही.

मग या प्रश्नाचा निवाडा न्यायालयावर सोपवावा काय? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याला आधार ‘स्टेअरवे टू हेवन’च्या खटल्याचा. स्पिरिट या अमेरिकन बँडच्या १९६८ मधल्या ‘टॉरस’ या वाद्यरचनेतून ‘स्टेअरवे’ची सुरुवात उचलली, असा दावा स्पिरिटचे गिटारवादक रँडी कॅलिफोर्निया यांच्या न्यासाच्या वतीने २०१४ मध्ये करण्यात आला. स्वतः रँडी १९९७ मध्येच वारले होते. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने झेपेलिनच्या बाजूने निकाल दिला, २०१८ मध्ये फेरसुनावणीचा आदेश झाला, मार्च २०२० मध्ये वरच्या न्यायालयाच्या विस्तारित पीठाने मूळ निकाल कायम केला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. निकाल मला योग्य वाटतो. एकेका अर्ध्या स्वराने खाली उतरत जाणारी ती खर्जाची ओळ कुणा एकाची नाही. सतराव्या शतकातल्या हेन्री पर्सेल यांच्या विलापगीतातही तिचे भावंड सापडते. ती विहीर खरोखरच गावाची आहे.

परंतु या खटल्यातली एक गोष्ट साहित्याच्या लोकांनी नीट पाहावी. ‘टॉरस’ १९०९ च्या जुन्या कायद्याखाली नोंदलेली होती. म्हणून हक्काची व्याप्ती ठरली ती नोंदणीच्या वेळी दाखल केलेल्या एका पानाच्या स्वरलिपीपुरती. स्पिरिटने प्रत्यक्ष वाजवलेले ध्वनिमुद्रण ज्यूरीला दोन्ही रचनांमधल्या साम्याचा पुरावा म्हणून ऐकता आले नाही. गाणे चोरले की नाही हे ठरवायचे, आणि ज्या रूपात जगाने ते ऐकले ते रूप बाजूला ठेवायचे! कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेल. पण जे कागदावर उतरले तेवढेच निर्मात्याचे, असे एकदा ठरले की कागदाशी संबंध नसलेल्या प्रत्येक कलावंताचे नुकसान ठरलेले आहे. मेम्फिस मिनी, स्किप जेम्स, अर्ल हूकर यांची कला कागदावर नव्हतीच. कायदा दाव्यापुरता बोलतो. समीक्षकाचे काम दाव्याच्या आधीचे आणि नंतरचे आहे.

आपल्या परंपरेत या बाबतीत एक साधी, सुंदर सोय होती. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तिका उघडाव्यात. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पासून पुढे कित्येक दशके, पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ हा शब्द आणि त्यापुढे मूळ गीताचे पहिले दोन-तीन शब्द छापलेले आढळतात. ते मूळ कधी एखादी लावणी असे, कधी कानडी पद, कधी हिंदुस्थानी चीज. एवढ्या छोट्या कंसात नाटककार तीन गोष्टी सांगून जातो : ही चाल माझी नाही, ती कुठली हे मला ठाऊक आहे, आणि वाचकालाही ते ठाऊक असावे. त्याने नाटककाराची प्रतिष्ठा कमी झाल्याचे ऐकिवात नाही. ही रीत प्रत्येक वेळी पाळली गेली असे नाही, मूळ रचनाकाराचे नाव तर तिथेही क्वचितच येते. तरीसुद्धा घेतले आहे हे सांगण्याची लाज वाटू नये, अशी एक संस्कृती त्या कंसामागे होती. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही याच वृत्तीची दुसरी बाजू. गाणारा शेकडो वर्षांनंतरचा असो, ‘तुका म्हणे’ आणि ‘नामा म्हणे’ म्हटल्याशिवाय त्याचे गाणे पुरे होत नाही. गाताना नाव गाळायचे ठरवले तर छंदच मोडतो.

आमच्या विद्यापीठीय समीक्षेने मात्र ‘प्रभाव’ या शब्दाचा फार ऐसपैस वापर केला आहे. अमक्या कवीवर तमक्या पाश्चात्त्य कवीचा प्रभाव, एवढे लिहून आपण पुढे जातो. त्या शब्दाखाली ‘लेव्ही’ही येते आणि ‘होल लॉटा लव्ह’ही. काय घेतले, त्याचे काय केले, आणि घेतल्याचे सांगितले की नाही, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. पहिल्याचे उत्तर संशोधनाने मिळते, दुसऱ्याचे रसिकतेने, तिसऱ्याचे नीतीने. एखादी कृती दुसऱ्या प्रश्नात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन तिसऱ्यात नापास होऊ शकते. विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांमध्ये न सांगता उचललेले उतारे सापडले की आपण संतापतो. पण त्यांना तिसरा प्रश्न आपण कधी शिकवला होता का, हे स्वतःला विचारत नाही.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आज मी असे सांगेन. ‘होल लॉटा लव्ह’ मला आवडते, आणि चोरीचे आहे हे माहीत असूनही आवडते असे म्हणण्यापेक्षा, त्यातले चोरलेले काय आणि निर्मिलेले काय हे माहीत असल्यामुळे अधिक नीट आवडते. त्यातली निर्मिती खरी आहे. त्यातला अन्यायही खरा आहे. निर्मिती मोठी म्हणून अन्याय माफ होत नाही, आणि अन्याय घडला म्हणून तो रिफ बेसूर होत नाही. मोठ्या कलावंतांच्या बाबतीत या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून जगण्याची सवय आपल्याला करावी लागते. त्याच काळात बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने ब्लूजपासूनच सुरुवात करून, कारखान्यात उजव्या हाताच्या बोटांची टोके गमावलेल्या टोनी आयोमींच्या गिटारवर एक नवीच भाषा उभी केली, आणि पहिल्या अल्बममध्ये घेतलेली दोन परकी गाणी मूळ लेखकांच्या नावानिशी छापली. म्हणजे नाव देऊनही नवे होता येते.

विली डिक्सन १९९२ मध्ये वारले. त्यांनी ब्लूज कलावंतांच्या मदतीसाठी आणि त्यांचे हक्क त्यांना मिळवून देण्यासाठी ‘ब्लूज हेवन’ नावाची संस्था काढली होती. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने चेस रेकॉर्ड्सची शिकागोतली जुनी वास्तू विकत घेतली, आणि आज ती संस्था त्याच वास्तूत आहे. मेम्फिस मिनी १९७३ मध्ये मेम्फिसच्या एका शुश्रूषागृहात वारल्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. तो १९९६ मध्ये बसवला गेला, गायिका बॉनी रेट यांनी दिलेल्या पैशातून. तोवर पंचवीस वर्षे त्यांचे नाव एका इंग्रजी बँडच्या तबकडीवर, चार नावांच्या शेजारी, छापलेले होते.